टाचण पूर्ण, पाठ अर्धवट: मूल्यमापनाआधीच घंटा का वाजते?

रात्री जागून सराव पाठाचं टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, लिहिलं. उद्दिष्टं, प्रस्तावना, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं), सादरीकरण, उपयोजन, मूल्यमापन, स्वाध्याय, सगळं जिथल्या तिथे. मार्गदर्शकांनी सही करून दिली. वर्गात गेलात, मुलं गप्प बसली, तुम्हीही न अडखळता बोललात, आणि दुसरं उदाहरण फळ्यावर अर्धं झालेलं असताना घंटा वाजली. निरीक्षण वहीत शेरा पडला: ‘मूल्यमापन झाले नाही.’ पुढच्या पाठाला तोच शेरा, त्याच्या पुढच्यालाही तोच.

माझ्या पहिल्या चार सराव पाठांपैकी तीन असेच गेले. पुढे छात्राध्यापकांचे, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांचे, पाठ बघायला मागच्या बाकावर बसू लागलो, तेव्हा कळलं की हे दुखणं माझं एकट्याचं नव्हतं. विषय कोणताही असो, इयत्ता कोणतीही असो, पाठ बहुधा त्याच जागी मोडतो.

आधी आपण काय करून बघतो ते सांगतो, म्हणजे त्यात तुमचा वेळ जायला नको. पहिला उपाय म्हणजे भरभर बोलणं. मी केला. पाठ आणखी लांबला, कारण प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागलं. दुसरा उपाय, टाचण तोंडपाठ करणं. त्याने घाबरणं कमी होतं, वेळ वाचत नाही. उलट एखाद्या मुलाने मध्येच वेगळं काही विचारलं की पाठ केलेली साखळी तुटते आणि पुन्हा धागा सापडेपर्यंत एक मिनिट जातं. तिसरा उपाय, प्रश्न कमी करून स्वतःच सांगत सुटणं. हा सगळ्यांत फसवा, कारण याने पाठ वेळेत संपतो. मुलांना काय आलं हे मात्र कोणालाच कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच तो वेळेत संपलेला असतो.

आधी वेळ कुठे जातो ते पकडा

अंदाजाने काही दुरुस्त करू नका. एखाद्या सहाध्यायीला मागे बसवा आणि त्याला एकच काम द्या: पाठाची पायरी बदलली की घड्याळातली वेळ लिहायची. आवाज, हावभाव, फलकलेखन, कशावरही मत द्यायचं नाही. माझ्या चौथ्या पाठाला एका मैत्रिणीने हे केलं आणि अर्ध्या कागदावरचे ते आकडे कोणत्याही शेऱ्यापेक्षा जास्त बोलके निघाले.

तास ३५ मिनिटांचा, विषय गणित, छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज. टाचणात मी वाटणी केली होती अशी: प्रस्तावना ५, सादरीकरण १५, सराव ८, मूल्यमापन ५, स्वाध्याय २. बेरीज बरोबर ३५. तिच्या कागदावर होतं: चौथ्या मिनिटापर्यंत वर्ग स्थिरावणं आणि वह्या निघणं. बाराव्यापर्यंत प्रस्तावना. एकविसाव्यापर्यंत पहिलं उदाहरण. सव्विसाव्यापर्यंत मुलं फळ्यावरचं उतरवून घेत होती. चौतिसाव्यापर्यंत दुसरं उदाहरण, त्यातली पाच मिनिटं एकाच मुलाच्या शंकेवर. मग घाईने स्वाध्याय, आणि घंटा.

माझ्या टाचणात वर्गात शिरायला एकही मिनिट नव्हतं. वही उघडायला नव्हतं. उतरवून घ्यायला नव्हतं. मुलाला चुकायला तर नव्हतंच.

ही चूक सूक्ष्म पाठांतून येते असं माझं मत आहे. सूक्ष्म अध्यापनाची पद्धत १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. एक कौशल्य, थोडे विद्यार्थी, थोडी मिनिटं, लगेच प्रत्याभरण (काय जमलं, काय चुकलं ते सांगणं), मग पुन्हा तोच पाठ. पद्धत उत्तमच आहे. पण आपण ती बहुतेक वेळा आपल्याच सहाध्यायांसमोर करतो. ते विद्यार्थी झालेले असतात, पण त्यांना उत्तर आधीच माहीत असतं, आणि मैत्रीखातर ते पटकन देतातही. त्यांची वही शोधावी लागत नाही, पेन्सिलीचं टोक मोडत नाही. तिथे सहा मिनिटांत बसलेला भाग खऱ्या वर्गात दहा-बारा घेतो. आपण मात्र तेच सहा मनात धरून टाचण लिहितो.

प्रश्नांचा हिशेब तर कोणी करतच नाही. टाचणात बारा प्रश्न असतील, तर प्रत्येकाला विचारणं, थांबणं, एका मुलाचं उत्तर, दुसऱ्याची भर आणि तुमचं बोलणं धरून चाळीस सेकंद तरी लागतात. म्हणजे आठ मिनिटं फक्त प्रश्नोत्तरांची. बरं, हे चाळीस सेकंद कापून चालत नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या प्रश्नोत्तरांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याकडे वळतात, असं त्यात दिसलं. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलतात. निरीक्षक मागे बसलेले असताना तीन सेकंदांची शांतता केवढी लांब वाटते ते पाठ दिलेल्यालाच कळतं. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा. मला त्याचा उपयोग झाला.

खोट टाचणाच्या उजव्या रकान्यात आहे

आता तुमचं टाचण काढा आणि ‘विद्यार्थी कृती’ हा रकाना वाचा. फक्त तोच. बहुतेक टाचणांत तिथे तीन वाक्यं आलटून पालटून येतात: ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.’ ‘विद्यार्थी उत्तर देतात.’ ‘विद्यार्थी वहीत लिहून घेतात.’ डावीकडचा ‘शिक्षक कृती’चा रकाना मात्र पानभर भरलेला. उजवा रकाना आपण सर्वांत शेवटी, झोप आलेली असताना, जागा भरायची म्हणून भरतो. मीही तसाच भरायचो.

पाठ लांबण्याचं मूळ इथे आहे. टाचण म्हणून जे लिहिलेलं असतं, ते असतं आपलं भाषण. भाषणाला किती वेळ लागेल हे बोलणाऱ्याला सांगता येतं. मुलं काय करतील हे लिहिलेलंच नसेल, तर त्याला किती वेळ लागेल हे कसं कळणार? आणि ती काय करतील, कुठे चुकतील याचा विचार केलेला नसल्यामुळे पहिली चूक समोर आली की आपण तिथेच उभे राहून मनात नवं टाचण लिहू लागतो. माझी ती पाच मिनिटं अशीच गेली. एका मुलाने उभं राहून सांगितलं, १/२ + १/३ = २/५. वरचे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत. ही चूक अपूर्णांक शिकवणाऱ्या प्रत्येकाला भेटते. मला ती तिथे, फळ्यासमोर, पहिल्यांदाच भेटली, कारण टाचण लिहिताना मी तिची वाटच बघितली नव्हती. मी तोच नियम तीन वेळा, दर वेळी जरा मोठ्या आवाजात सांगितला.

टाचण शेवटून लिहायला घ्या

सगळ्यांत आधी मूल्यमापनाचा प्रश्न लिहा. पाच नाही, एक. मुलाने स्वतःच्या चिठ्ठीवर दोन-तीन मिनिटांत सोडवावा असा. माझ्या पाठासाठी तो होता: १/४ + १/६ = किती?

मग त्याच्याखाली येऊ शकतील ती उत्तरं लिहा. या कामाला पंधरा मिनिटं द्या, बाकीचं टाचण निम्म्या वेळात होईल. आमच्या प्रश्नाला चार उत्तरं येतात. ५/१२ आलं तर जमलं. १०/२४ आलं तर रीतही जमली, फक्त छेदांचा गुणाकार घेतला आणि संक्षिप्त रूप राहिलं. त्यासाठी घाबरायचं कारण नाही. २/१० आलं तर मूल अजून वरचे-वरच्यांत करतंय, म्हणजे आजचा पाठ त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही. आणि २/१२ आलं तर गोष्ट मजेशीर आहे: छेद सारखा करायचा हे त्याला कळलं, लसावि १२ हेही काढलं, पण छेद बदलला की अंशही बदलतो हे सुटलं. या दोन चुकांवर एकच औषध चालत नाही. पहिल्याला समच्छेद का करायचा तेच कळलेलं नाही, दुसऱ्याचे सममूल्य अपूर्णांक कच्चे आहेत.

हे चार आकडे समोर आले की सादरीकरणात काय हवं आणि काय नको ते आपोआप ठरतं. २/५ वाली चूक मोडायला नियम लागत नाही, एक प्रश्न लागतो: ‘अर्ध्यात आपण आणखी काही मिळवलं. मग २/५ हे उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसं?’ यावर वर्ग खरंच थबकतो. लगेच सहा सारख्या घरांची पट्टी काढायची. अर्धी म्हणजे तीन घरं, एक तृतीयांश म्हणजे दोन घरं, मिळून पाच घरं, म्हणून ५/६. एकदा हे टाचणात आलं की मुलाची ती चूक ही अडचण राहत नाही, ते पाठाचं पुढचं पाऊल होतं. पुढच्या वेळी कोणी २/५ म्हटलंच नाही, तर मी स्वतःच फळ्यावर लिहून ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारायचं ठरवलं होतं. तशी वेळ आली नाही. तीन हात वर आले आणि तिघांचं उत्तर २/५.

आता उद्दिष्ट लिहा. ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची बेरीज समजते’ हे लिहून काही हाती लागत नाही, कारण ‘समजते’ डोळ्यांना दिसत नाही. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्ट लिहिण्याची जी रीत मांडली, तिच्यात तीन गोष्टी असतात: मूल काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती जमलं म्हणजे जमलं म्हणायचं. ‘छेद वेगळे असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज विद्यार्थी मदतीशिवाय, वहीत पायऱ्या दाखवून, तीनपैकी दोन उदाहरणांत अचूक करतो.’ वाक्य रुक्ष आहे, कबूल. पण मूल्यमापनाचा प्रश्न आधीच लिहिलेला असल्याने ते लिहायला दोन मिनिटं लागतात. ब्लूम यांच्या १९५६ च्या उद्दिष्टांच्या वर्गीकरणातल्या, ज्ञानापासून मूल्यमापनापर्यंतच्या, सहाही पायऱ्या एका तासात दाखवायचा हट्ट मात्र सोडा. एका पाठात पाच-सहा उद्दिष्टं लिहिलेली टाचणं मी बघतो, आणि ती बघूनच सांगता येतं की घंटा कुठे वाजणार.

नव्या गोष्टी मोजायचीही सवय लावा. एका वेळी मनात किती सुट्या गोष्टी धरता येतात यावर जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपासचा आकडा दिला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या जवळ आणला. अंश, छेद, समच्छेद, लसावि, सममूल्य, संक्षिप्त रूप, हे सहा शब्द एकाच तासात ‘आठवतंय ना?’ म्हणत वापरले, तर नवं शिकायला मुलाच्या डोक्यात जागा उरतच नाही. संक्षिप्त रूप मी दुसऱ्या दिवसावर ढकललं. काही बिघडलं नाही.

प्रस्तावना अगदी शेवटी लिहा, आणि एक-दोन प्रश्नांतच आटपा. आपल्याकडे प्रस्तावनेचं एक विचित्र खूळ आहे: पाठाचं नाव मुलाच्याच तोंडून वदवून घ्यायचं. त्यासाठी सात-आठ प्रश्न रचले जातात. मी एकदा विचारलं, ‘तुझ्याकडे एक मोठा कागद आहे आणि मित्रालाही तो हवा आहे, तर तू काय करशील?’ उत्तर आलं, ‘दुसरा आणायला सांगेन.’ तिथून ‘अपूर्णांक’ या शब्दापर्यंत यायला मला चार मिनिटं लागली. हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या नावाने जी पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, आपण शिकतो, ती त्या रूपात त्याच्या अनुयायांनी, मुख्यतः झिलर आणि राईन यांनी बसवली. तिच्यातली पहिली पायरी मुलाच्या जुन्या ज्ञानाशी नवं जोडण्याची आहे. कोडं घालायची ती जागा नव्हे. माझी पुढची प्रस्तावना एका ओळीची होती: ‘१/५ + २/५ किती? आणि १/२ + १/३?’ पहिलं सगळ्यांना आलं, दुसऱ्यावर वर्ग अडला. हेतुकथन तिथेच झालं.

घड्याळाशी करार

३५ मिनिटांच्या तासाला २५ मिनिटांचा पाठ लिहा. उरलेली दहा मिनिटं कुठे जातील हे आज सांगता येणार नाही, पण जातील हे नक्की.

समासात प्रत्येक पायरीच्या सुरुवातीला मिनिट लिहून ठेवा आणि एका मिनिटाभोवती लाल गोल करा. माझा गोल सत्ताविसाव्या मिनिटाला असतो. तेव्हा वर्ग कुठेही असो, हातातलं थांबवून चिठ्ठीवरचा प्रश्न द्यायचा. दुसरं उदाहरण अर्धं राहिलं तर राहू दे. ते उद्या पुरं करता येईल. आज काय आलं हे मात्र उद्या विचारून तसंच्या तसं कळत नाही, मधल्या संध्याकाळी कोणीतरी घरी समजावलेलं असतं.

टाचणातच गाळायची जागाही ठरवून ठेवा. ‘एकोणिसाव्या मिनिटाला पहिलं उदाहरण संपलं नसेल तर दुसरं मी करणार नाही, मुलं जोडीने करतील’ असं स्पष्ट लिहा. वर्गासमोर उभं असताना काय गाळावं हे सुचत नाही. तेव्हा फक्त घाम फुटतो.

उतरवून घेण्यात जाणारा वेळ सहज वाचतो. तुम्ही लिहीत असताना मुलांनी लिहायचं नाही हे सुरुवातीलाच सांगा. समजावणं संपलं की तीन मिनिटं फक्त लिहिण्यासाठी द्या आणि त्या वेळात तोंड बंद ठेवा. दोन्ही एकत्र चाललं की मुलं ना धड ऐकतात ना लिहितात, आणि मग ‘बाई, पुसू नका!’ असा गलका होतो. फळ्यावर काय राहणार आणि काय पुसलं जाणार याचा छोटा आराखडा आधी कागदावर काढला असेल तर हे जमतं.

‘पण आमचा नमुना ठरलेला आहे’

हे मला दर वेळी ऐकायला मिळतं. ठरलेला असू दे, त्याच्याशी भांडू नका. रकाने तेच ठेवा, त्याच क्रमाने ठेवा. बदल फक्त लिहिण्याच्या क्रमात आहे: शेवटचा रकाना आधी भरायचा, पहिला शेवटी. आणि उजव्या रकान्यात ‘विद्यार्थी उत्तर देतात’च्या जागी अपेक्षित उत्तर आणि अपेक्षित चूक लिहायची. एकाही निरीक्षकाने याला हरकत घेतलेली मी पाहिलेली नाही. वर्गात मात्र पाच पानांचं टाचण हातात धरून उभे राहू नका. मिनिटं, दोन उदाहरणं, संभाव्य चुका आणि शेवटचा प्रश्न एवढंच लिहिलेला अर्धा कागद टेबलावर ठेवा.

तरीही अडलं तर

एवढं करूनही पहिल्याच उदाहरणावर वर्ग पंधरा मिनिटं रुतला, तर दोष वेळेच्या वाटणीत नाही. पूर्वज्ञानाचा रकाना तुम्ही पाठ्यपुस्तक बघून भरला आहे, वर्ग बघून नाही. मुलाला आधीपासून काय माहीत आहे यावर पुढचं शिकणं सर्वांत जास्त अवलंबून असतं, असं डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये आग्रहाने मांडलं होतं. छात्राध्यापकाची अडचण अशी की तो परक्या वर्गात जातो. म्हणून आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना विचारून दोन मिनिटं मागून घ्या आणि एकच प्रश्न द्या: १/३ = किती/६? निम्म्या वर्गाला हे येत नसेल तर बेरजेचा पाठ घेऊच नका. मार्गदर्शकांना चिठ्ठ्या दाखवा आणि सममूल्य अपूर्णांकांवर पाठ घ्यायची परवानगी मागा. बहुतेक देतात. नाही दिली, तर निदान पहिली दहा मिनिटं पट्ट्यांवर घालवा आणि बेरजेचं एकच उदाहरण करा.

उलटा प्रकारही होतो, पाठ आठ मिनिटं आधीच संपतो. तेव्हा पुढचा घटक सुरू करण्याचा मोह आवरा. त्याच घटकाचं एक उलटं उदाहरण खिशात ठेवा: ‘ज्यांची बेरीज ५/६ येईल असे छेद वेगळे असलेले दोन अपूर्णांक शोधा, फळ्यावरचे सोडून.’ हुशार मुलं अडकतात, आणि एरवी मागे राहणाऱ्यांना पट्टी रंगवून उत्तर सापडतं.

चिठ्ठ्या गोळा केल्यावर त्याच दिवशी ढीग लावा: जमलेले, २/१० वाले, २/१२ वाले. नावं बघायची गरज नाही. एखादा चुकीचा ढीग वर्गाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा असेल, तर तुमच्या पुढच्या पाठाची प्रस्तावना तीच. ढीग लहान असेल तर त्या चार-पाच मुलांजवळ सरावाच्या वेळी जाऊन बसा, अख्ख्या वर्गाला पुन्हा त्याच पाठातून नेऊ नका.

आणि कधी तासच आखूड मिळतो. परिपाठ लांबलेला असतो, आधीच्या तासाचे शिक्षक पाच मिनिटं उशिरा बाहेर पडतात, हातात वीस मिनिटं उरतात. प्रस्तावनेचे दोन प्रश्न, पट्टी, एक उदाहरण, चिठ्ठी. स्वाध्याय फळ्याच्या कोपऱ्यात वर्गात शिरताच लिहून ठेवा, म्हणजे घंटेनंतर दारातून ओरडून सांगावा लागत नाही.